मालकाचं मन वाचणारा सल्लागार: प्राचीन चीनमधला जिया शू

इ.स. 198 ची गोष्ट. मध्य चीनमध्ये रांग नावाचं तटबंदीचं गाव, आत जांग शिऊ हा तसा छोटा सरदार आणि बाहेर वेढा घालून बसलेला त्साओ त्साओ, म्हणजे त्या काळातला सगळ्यात तयारीचा सेनापती. आणि एक दिवस हा त्साओ त्साओ वेढा उठवून चालू पडतो. जांग शिऊला वाटलं हीच संधी, मागे लागायचं आणि कापून काढायचं. त्याचा सल्लागार जिया शू म्हणाला, जाऊ नका, गेलात तर हराल. शिऊ गेला आणि सपाटून मार खाऊन आला. माणसं अजून धापा टाकतायत आणि आता जिया शू म्हणतो, आत्ताच्या आत्ता परत मागे जा, या वेळी जिंकाल! शिऊ म्हणाला, मघाशी तुमचं ऐकलं नाही म्हणून ही गत झाली, पण आता या हरलेल्या माणसांना घेऊन परत कुठे जाऊ? जिया शू म्हणाला, परिस्थिती बदललीय, लवकर निघा. शिऊ उरलीसुरली माणसं गोळा करून गेला आणि खरंच जिंकून आला.

मग त्याने विचारलं, जे कुणीही विचारेल तेच. ताज्या दमाची फौज नेली तेव्हा हराल म्हणालात, हरलो. हरलेली फौज नेली तेव्हा जिंकाल म्हणालात, जिंकलो. हे कसं काय? जिया शूने सांगितलं ते साधारण असं, की तुम्ही लढाईत चांगले आहात पण त्साओ त्साओच्या तोडीचे नाही. माघार सुरू झाली की पिछाडी सांभाळायला तो स्वतः थांबणार, म्हणून पहिल्यांदा तुम्ही हरणार हे दिसत होतं. पण इथे त्याचं काही चुकलं नव्हतं, ताकदही संपली नव्हती, तरी तो उठून निघाला म्हणजे त्याच्या घरी काहीतरी बिनसलंय. तुम्हाला एकदा हाणलं की तो हलका होऊन घाईने पुढे जाणार आणि पिछाडी दुसऱ्या सरदारांवर सोडणार. ते सरदार शूर असले तरी तुमच्यापुढे कमी पडतात, म्हणून हरलेल्या माणसांनीही तुम्ही जिंकलात.

हे उत्तर मी किती वेळा वाचलंय सांगता येणार नाही आणि दरवेळी तेवढीच मजा येते, कारण यात व्यूहरचना नाही, नकाशा नाही, कुठलं गुपित शस्त्र नाही, फक्त तीन माणसं आहेत. आपला मालक कसा आहे, शत्रू कसा आहे आणि शत्रूचे हाताखालचे कसे आहेत. प्राचीन चीनमधल्या सल्लागाराचं काम समजून घ्यायचं तर इथून सुरुवात करायची. आणि माझं मत विचाराल तर या तिघांत सगळ्यात अवघड आणि सगळ्यात धोक्याचं वाचन असायचं ते स्वतःच्या मालकाचं. शत्रू ओळखता आला नाही तर लढाई जायची, मालक ओळखता आला नाही तर मान जायची.

आता थोडी पार्श्वभूमी सांगतो. चिनी नावं सुरुवातीला डोक्यात घोटाळा करतात, तेव्हा जिया शू, त्साओ त्साओ आणि युआन शाओ ही तीन लक्षात ठेवली तरी पुरे, बाकीची येतील तशी येतील.

हान घराण्याने चीनवर मधला थोडा काळ सोडला तर जवळजवळ चारशे वर्षं राज्य केलं. 184 साली डोक्याला पिवळे पटके बांधलेल्या शेतकऱ्यांचं प्रचंड मोठं बंड झालं, ते मोडायला बादशहाने जागोजागच्या अधिकाऱ्यांना फौजा उभारायची मोकळीक दिली आणि बंड मोडल्यावर त्या फौजा काही घरी गेल्या नाहीत. 189 मध्ये बादशहा वारला, दरबारात कत्तली झाल्या आणि दोंग जुओ नावाचा सीमेवरचा क्रूर सेनापती राजधानी लोयांगमध्ये घुसला, त्याने एक बादशहा काढला, दुसरा पोरवयाचा बसवला, आणि बाकीचे सरदार विरोधात एकत्र आल्यावर लोयांग जाळून सगळा दरबार पश्चिमेला छांगआनला हलवला. इथून पुढे चीनभर सरदारांचं पेव फुटलं. सरदार म्हणजे ज्याच्याकडे स्वतःची फौज, स्वतःचा मुलूख आणि स्वतःचं धान्य आहे, नावाला बादशहाचा चाकर आणि प्रत्यक्षात कुणाचाच नाही असा माणूस.

या प्रत्येक सरदाराला शिकलेली माणसं लागायची. तलवार चालवणारे ढिगाने मिळतात, पण कोणाशी तह करायचा, कोणाला पत्र लिहायचं, पत्रात काय लिहायचं आणि काय नाही, धान्य किती दिवस पुरेल, कोणत्या गावात कोणाला नेमायचं, हे बघायला डोकं लागतं. सल्लागार म्हटल्यावर आपल्याला तंबूत नकाशावर काठी फिरवणारा माणूस दिसतो, पण त्यातला बराचसा भाग पुढच्या हजार वर्षांत नाटकांनी आणि कादंबऱ्यांनी चढवलेला रंग आहे. खरं काम बरंचसं कारकुनी आणि कारभाराचं असायचं. त्साओ त्साओचा सगळ्यात मोठा सल्लागार शुन यू, हा बऱ्याच मोहिमांत रणांगणावर नसायचाच. तो राजधानीत बसून रसद बघायचा, पत्रं लिहायचा आणि माणसं शोधायचा. त्याने आणलेला एक हुशार सल्लागार वारला तेव्हा त्साओ त्साओने त्यालाच लिहिलं की याच्या जागी कोण आहे सांगा, आणि शुन यूने गुओ जिया नावाचा तरुण पाठवला, जो पुढे त्साओ त्साओचा अत्यंत लाडका झाला. म्हणजे ओळखीपाळखीवर चालणारी भरतीच होती ती, एकाच भागातली, एकमेकांना लहानपणापासून ओळखणारी सुशिक्षित घराणी आणि त्यांचे शब्द.

जिया शू मात्र या गोतावळ्यातला नव्हता. त्याचा जन्म 147 चा, पार वायव्येकडच्या सीमेवरच्या वूवेई भागातला, जिकडच्या माणसांना राजधानीतले लोक अर्धे रानटी समजायचे. त्याच्या तरुणपणाचा एक प्रसंग इतिहासात नोंदलाय आणि त्यात हा पुढचा सगळा माणूस दिसतो. छोटी सरकारी नोकरी आजारपणामुळे सोडून तो पश्चिमेला घरी निघाला होता, वाटेत दी नावाच्या टोळीच्या बंडखोरांनी त्याला आणि बरोबरच्या काही डझन प्रवाशांना पकडलं. जिया शू म्हणाला, मी दुआन साहेबांचा नातू आहे, मुलीकडून, मला मारलंत तर वेगळं पुरा, माझ्या घरचे भरपूर पैसे देऊन प्रेत सोडवतील. हे दुआन म्हणजे त्या सीमेवर अनेक वर्षं टोळ्यांना झोडपून काढलेले सेनापती, त्यांचं नाव ऐकूनच माणसं घाबरायची. जिया शूचा त्यांच्याशी काहीही संबंध नव्हता. पण टोळीवाल्यांनी त्याच्याशी शपथ घेऊन त्याला सुखरूप सोडलं. बाकीचे सगळे मारले गेले.

हे शेवटचं वाक्य इतिहासकाराने एका ओळीत लिहून टाकलंय पण मला ते सोडून पुढे जाता येत नाही, कारण जिया शूच्या बुद्धीने जिया शू वाचतो आणि आजूबाजूचे मरतात हे त्याच्या आयुष्यात परत एकदा घडलं, आणि ते फार मोठ्या प्रमाणावर घडलं.

192 साली छांगआनमध्ये दोंग जुओचा खून झाला. जिया शू तेव्हा त्याच्याच फौजेत, एका दूरच्या छावणीत होता. दोंग जुओचे सरदार ली जुए आणि गुओ सी घाबरून गेले, माफी मागितली ती मिळेना, आणि राजधानीत आपल्या प्रांतातल्या सगळ्यांना मारणार अशी अफवा उठली. त्यांनी ठरवलं की फौज मोडायची आणि आडवाटेने एकेकट्याने घरी पळायचं. तेव्हा पंचेचाळिशीतला जिया शू पुढे येऊन म्हणाला की फौज सोडून एकटे निघालात तर गावचा एखादा चौकीदारही तुम्हाला बांधून देईल, त्यापेक्षा वाटेत माणसं गोळा करत पश्चिमेला चला, छांगआनवर हल्ला करा, जमलं तर बादशहाच्या नावाने देश हातात येईल आणि नाहीच जमलं तर तेव्हा पळा की, कोण अडवतंय. सल्ला म्हणून बघितला तर बिनचूक आहे, कुठे बोट ठेवायला जागा नाही. छांगआनला पोचेपर्यंत त्यांची फौज लाखाच्या वर गेली आणि दहा दिवसांत शहर पडलं, दोंग जुओला संपवणारा मंत्री वांग युन मारला गेला, शहर लुटलं गेलं, आणि नंतरची तीन वर्षं त्या दोघा सरदारांनी आपापसात भांडून तो सगळा भाग उजाड केला. 194 च्या दुष्काळात छांगआनमध्ये एका मापाला पाच लाख नाणी असा धान्याचा भाव झाला, माणसांनी माणसं खाल्ली असं इतिहासात लिहिलंय.

दोंग जुओ मेला तेव्हा हान राज्य सावरायची एक शेवटची बारीकशी शक्यता होती, ती या सल्ल्याने गेली असं अनेकांचं म्हणणं आहे आणि मलाही ते पटतं. विजयानंतर ली जुएने त्याला सरदारकी देऊ केली तेव्हा जिया शू म्हणाला, तो जीव वाचवायचा उपाय होता, त्यात कसला पराक्रम, आणि त्याने ती घेतली नाही. पुढे बादशहाला आणि मंत्र्यांना या दोघांच्या तावडीतून वाचवायला त्याने बरीच खटपट केली हेही नोंदलेलं आहे. त्याला आतून काय वाटलं असेल हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण एवढं दिसतं की यानंतर तो कुणालाही इतका सैल, इतका मोठा सल्ला सहज देताना दिसत नाही.

195 मध्ये बादशहा तिथून निसटला आणि जिया शूही निघाला. तो दुआन वेई नावाच्या आपल्याच भागातल्या सरदाराकडे गेला. जिया शूचं नाव फौजेत मोठं होतं, त्यामुळे दुआन वेई वरून खूप मान द्यायचा पण आतून त्याला भीती की हा माझी फौज फोडेल. जिया शूने ते लगेच ओळखलं आणि तो जांग शिऊकडे जायला निघाला, बायकापोरांना मात्र दुआन वेईकडेच ठेवून! कोणीतरी विचारलं, अहो तो इतका चांगलं वागवतो, कुठे निघालात? जिया शू म्हणाला, तो संशयी आहे, जास्त दिवस राहिलो तर कधीतरी घात होईल. मी गेलो की त्याला सुटल्यासारखं वाटेल, बाहेर आपला एक माणूस झाला असंही वाटेल, म्हणून तो माझ्या घरच्यांना नीट सांभाळेल. आणि जांग शिऊकडे सल्लागार नाही, त्याला मी हवाच आहे. तसंच झालं. दुआन वेईने कुटुंबाची चांगली काळजी घेतली आणि जांग शिऊ तर त्याला घरातल्या वडीलधाऱ्यासारखा, नातवाने आजोबांना द्यावा तसा मान द्यायला लागला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्या काळी सल्लागाराचं कुटुंब हे जवळपास ओलीस असायचं. तुम्ही मोहिमेवर, घरचे सरदाराच्या मुख्य शहरात, म्हणजे तुम्ही फुटलात तर त्यांचं काय होणार हे सांगायला नको. त्यामुळे नोकरी बदलणं हा प्रकार आजच्यासारखा नव्हता, आणि कुटुंब जुन्या मालकाकडे ठेवून, त्या मालकाला आनंद होईल अशा बेताने नोकरी सोडणं हे मला तरी त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोठं काम वाटतं.

जांग शिऊकडे असताना त्याचा त्साओ त्साओशी पहिला सामना झाला, 197 मध्ये वान शहराजवळ. जांग शिऊ आधी शरण गेला होता. पण त्साओ त्साओने शिऊच्या वारलेल्या चुलत्याची बायको स्वतःकडे ठेवून घेतली, शिऊचा संताप झाला, त्साओ त्साओला ते कळलं आणि तो शिऊला मारायच्या विचारात आहे ही बातमी फुटली. एका जुन्या नोंदीप्रमाणे जिया शूची युक्ती अशी होती, की शिऊने त्साओ त्साओकडे छावणी हलवायची परवानगी मागितली, रस्ता त्याच्याच तळातून जात होता, आणि वर म्हणाला की गाड्या कमी आहेत, ओझं फार होतंय, तेव्हा माणसांना चिलखतं अंगावरच घालू द्या. त्साओ त्साओने हो म्हटलं. त्या हल्ल्यात त्साओ त्साओचा थोरला मुलगा गेला, पुतण्या गेला, दारात एकट्याने लढणारा त्याचा अंगरक्षक दियान वेई गेला, आणि तो स्वतः कसाबसा निसटला.

आता हे डोक्यात ठेवून 199 मध्ये या. चीनच्या उत्तरेत दोनच मोठे उरलेत, पिवळ्या नदीच्या वर युआन शाओ, अफाट मुलूख, अफाट फौज, आणि खाली त्साओ त्साओ, ज्याच्याकडे छांगआनहून निसटलेला बादशहा आहे पण बाकी सगळं कमी. युआन शाओचा दूत जांग शिऊकडे मैत्री करायला आला. शिऊ हो म्हणणारच होता, इतक्यात भर दरबारात जिया शू दूताला म्हणाला, परत जाऊन युआन साहेबांना सांगा, जे स्वतःच्या भावाला सामावून घेऊ शकले नाहीत ते देशातल्या गुणी माणसांना काय सामावून घेणार! जांग शिऊ हादरलाच, म्हणाला हे काय करून बसलात. नंतर एकट्यात विचारलं की आता जायचं कुणाकडे? जिया शू म्हणाला, त्साओ त्साओकडे.

ज्याचा मुलगा आपण मारला त्याच्याकडे! शिऊने तेच म्हटलं, युआन तगडा, त्साओ कमजोर, वर आपलं त्याच्याशी वैर. जिया शू म्हणाला म्हणूनच. एक तर बादशहा त्याच्याकडे आहे, म्हणजे त्याच्याकडे जाणं उजळ माथ्याने होतं. दुसरं, युआनकडे इतकं आहे की आपल्या मूठभर माणसांची त्याला किंमत नाही, त्साओला एकेक माणूस हवाय. आणि तिसरं, ज्याला सगळा देश हवाय तो घरचं वैर बाजूला ठेवून जगाला आपलं मोठं मन दाखवायची संधी सोडणार नाही. हा तिसरा मुद्दा बघा, इथे तो दोन वर्षांपूर्वी मुलगा गमावलेल्या बापाच्या मनावर स्वतःचा आणि मालकाचा जीव लावतोय. आणि तो बरोबर निघाला. त्साओ त्साओने जिया शूचा हात धरून म्हटलं की जगाचा माझ्यावर विश्वास बसेल असं करणारा माणूस तुम्ही आहात. जांग शिऊची मुलगी त्याने आपल्या मुलाला करून घेतली. जिया शूला एका प्रांताचा सुभेदार नेमलं, तो प्रांत अजून युआन शाओच्याच ताब्यात होता, त्यामुळे प्रत्यक्षात काम राहिलं सल्लागाराचंच.

दुसऱ्याच वर्षी, 200 मध्ये, पिवळ्या नदीच्या दक्षिणेला ग्वानदू इथे दोघांची गाठ पडली. युआनकडे निवडक लाखभर माणूस होतं असं इतिहासकार चेन शोउ लिहितो, आणि त्साओकडे दहा हजारही नव्हतं म्हणतो, पण त्याच्या पुस्तकावर नंतर टिपा लिहिणारा पेई सोंगझी म्हणतो की हा आकडा पटण्यासारखा नाही, इतक्या कमी माणसांनी इतके महिने तोंड देता येत नाही, आणि मला पेईचं बरोबर वाटतं. काही असो, कमी होते हे नक्की, आणि धान्य संपत आलं होतं. त्साओ त्साओ मागे हटायच्या विचारात होता. राजधानीतून शुन यूने पत्र लिहिलं की जो आधी मागे जाईल त्याचा जोर संपेल, थांबा. आणि तंबूत जिया शू म्हणाला, समज, हिंमत, माणसं वापरणं आणि वेळेला निर्णय घेणं, चारही बाबतीत तुम्ही युआनपेक्षा वरचढ आहात, तरी सहा महिन्यांत निकाल लागला नाही कारण तुम्ही काहीच धोका न घेता जिंकायला बघताय.

धोका पत्करायची वेळ आली शू योउच्या रूपाने. हा युआन शाओचा सल्लागार, आणि त्साओ त्साओचा जुना ओळखीचा. मागे घरी युआनच्या अधिकाऱ्याने त्याच्या घरच्यांना गुन्ह्यात पकडलं आणि तो चिडून रात्री थेट त्साओच्या तळावर आला. एका जुन्या नोंदीत हा प्रसंग फार सुंदर आहे. त्साओ त्साओ अनवाणीच धावत बाहेर आला. शू योउने विचारलं, धान्य किती दिवसांचं आहे? एक वर्षाचं. खरं सांगा. सहा महिन्यांचं. तुम्हाला युआनला हरवायचं नाहीये का, खोटं कशाला बोलताय? मग त्साओ म्हणाला, गंमत केली, खरं म्हणजे एका महिन्याचं. तेव्हा शू योउने सांगितलं की युआनचा सगळा धान्यसाठा वूचाओला आहे, त्याच्या तळापासून चाळीस ली उत्तरेला, म्हणजे साधारण 16-17 किलोमीटर, आणि पहारा ढिला आहे. तंबूतल्या बाकीच्यांना हा सापळा वाटला. फक्त दोघं म्हणाले जा, शुन यूचा पुतण्या शुन योउ आणि जिया शू. त्साओ त्साओ स्वतः पाच हजार माणसं घेऊन, युआनची निशाणं लावून, घोड्यांची तोंडं बांधून, प्रत्येकाच्या हातात सरपणाची मोळी देऊन रात्री निघाला आणि ते सगळं धान्य जाळलं. युआनची फौज तिथेच मोडली.

आता युआन शाओच्या बाजूला बघा, कारण सल्लागाराच्या आयुष्याची दुसरी बाजू तिकडे आहे. त्याच्याकडे तियान फेंग नावाचा फार हुशार सल्लागार होता. तो आधीपासून सांगत होता की मोठी लढाई करू नका, छोट्या तुकड्या पाठवून त्साओला दमवा, तीन वर्षांत तो बसल्या जागी संपेल. फार लावून धरलं म्हणून युआनने त्याला बेड्या घालून कोठडीत टाकलं. फौज हरल्याची बातमी आली तेव्हा कोणीतरी कोठडीत येऊन त्याला म्हणालं, आता तुमचं म्हणणं खरं ठरलं, तुमचा मान वाढणार. तियान फेंग म्हणाला, जिंकून आले असते तर मी वाचलो असतो, हरलेत म्हणजे मी मेलो. परत आल्यावर युआन म्हणाला, मी तियान फेंगचं ऐकलं नाही, तो मला हसेल, आणि त्याला मारून टाकलं. म्हणजे तियान फेंगलाही मालक पूर्ण वाचता येत होता, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत, फक्त हे माहीत असूनही तो बोलला आणि बोलायचं थांबला नाही. मला या माणसाबद्दल जिया शूपेक्षा जास्त जीव वाटतो हे मी लपवणार नाही.

आणि चांगला मालक मिळाला म्हणजे सुटलो असंही नव्हतं. शुन यूने वीस वर्षं त्साओ त्साओसाठी खस्ता खाल्ल्या, पण तो मनाने हान घराण्याचा होता. 212 मध्ये त्साओ त्साओला स्वतःसाठी मोठी पदवी हवी होती, शुन यूने विरोध केला, आणि त्याच वर्षी तो वारला, काही म्हणतात खिन्न होऊन आजारी पडला, काही म्हणतात त्साओने जेवणाचा डबा पाठवला, उघडला तर रिकामा, आणि त्याने काय ते समजून विष घेतलं.

जिया शूने मात्र दार लावून घेतलं, अगदी शब्दशः. आपण जुने चाकर नाही, वर आपलं डोकं फार चालतं हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून संशय येईल हे धरून तो कचेरीतून घरी आला की कुणाला भेटायचा नाही, आणि मुलामुलींची लग्नं मोठ्या घराण्यांत करायची नाहीत हे त्याने पाळलं. बोलायचाही कमी. 211 मध्ये पश्चिमेला मा चाओ आणि हान स्वेई हे दोन सरदार एकत्र लढत होते, त्साओने उपाय विचारला तर जिया शू म्हणाला, त्यांना वेगळं करा, बस. त्साओ म्हणाला, समजलं. मग दोन्ही फौजांच्या मधे घोड्यावर बसून त्साओ हान स्वेईशी बराच वेळ बोलला, लढाईबद्दल अवाक्षर नाही, नुसत्या राजधानीतल्या जुन्या आठवणी, टाळ्या देऊन हसणं. परत आल्यावर मा चाओने विचारलं काय म्हणाला? काही नाही. आता ते खरंच काही नव्हतं, पण कुणाला पटेल? वर त्साओने हान स्वेईला एक पत्र पाठवलं, जागोजागी खाडाखोड केलेलं, जसं काही वाचून झाल्यावर हान स्वेईनेच नको ते शब्द खोडलेत. मा चाओचा विश्वास उडाला आणि पुढच्या लढाईत ते मोडले.

पण त्याचा सगळ्यात कमी शब्दांतला सल्ला वेगळाच आहे. त्साओ त्साओला वारस ठरवायचा होता, मोठा त्साओ पी की कवी असलेला लाडका त्साओ झी. दरबार दोन्हीकडे विभागला गेला होता आणि चुकीच्या बाजूला उभं राहणं म्हणजे उद्याचं मरण. त्साओने सगळ्यांना बाहेर घालवून जिया शूला विचारलं. जिया शू गप्प. मी विचारतोय आणि तुम्ही उत्तर देत नाही? माफ करा, मी काहीतरी आठवत होतो. काय आठवत होता? युआन शाओ आणि त्याची मुलं, लिऊ बियाओ आणि त्याची मुलं. या दोघाही सरदारांनी थोरल्याला बाजूला सारून धाकट्याला पुढे केलं होतं आणि त्यांच्यामागे दोन्ही घरं बुडाली, आणि दोन्ही घरं गिळली होती ती स्वतः त्साओ त्साओने. तो मोठ्याने हसला. 217 मध्ये वारस ठरला त्साओ पी.

तीन वर्षांनी त्साओ पी बादशहा झाला, त्याने जिया शूला देशातल्या सगळ्यात वरच्या पदांपैकी एक दिलं, आणि म्हाताऱ्याने सल्ला दिला की आत्ता दक्षिणेशी लढू नका. त्याने ऐकलं नाही आणि पुष्कळ माणसं मेली. 223 मध्ये जिया शू घरी, अंथरुणावर, चिनी हिशोबाने 77 व्या वर्षी वारला.

चेन शोउने आपल्या इतिहासाच्या पुस्तकात जिया शूचं चरित्र शुन यू आणि शुन योउ यांच्याबरोबर एकाच प्रकरणात ठेवलं. जिया शूच्या मृत्यूनंतर दोनशे वर्षांनी, 429 मध्ये पेई सोंगझीने या पुस्तकावरच्या आपल्या टिपा पूर्ण केल्या, त्यात तो यावर अक्षरशः चिडलाय. 192 च्या त्या एका सल्ल्याने किती माणसं मेली ते लिहून तो म्हणतो की शुन योउ आणि जिया शू म्हणजे रात्री चमकणारं रत्न आणि पलिता, दोघांचा उजेड सारखा पडेल पण जात वेगळी, यांना एका रांगेत कसं बसवलं. प्रकरण तसंच राहिलं. आजही ते पुस्तक उघडलं तर शुन यू, शुन योउ आणि लगेच पुढे जिया शू असाच क्रम आहे, आणि खाली बारीक अक्षरात पेईची ती तक्रार.